लालबागच्या जुन्या बिल्डिंगीत काँक्रीटचा बेसिन काउंटर: पहिला फसला, दुसरा बसला

ताईचं घर लालबागला, बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूम साडेसहा बाय चार फूट. बेसिन होतं ते भिंतीला लटकलेलं छोटंसं, बाजूला साबण ठेवायलाही जागा नाही. पण खरा प्रश्न साबणाचा नव्हता, ताईच्या सासूबाईंचा होता (आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो, वय ७४). सकाळी दात घासताना त्यांना एका हाताने कुठेतरी टेकावं लागतं आणि त्या सरळ बेसिनवरच भार टाकायच्या. एकदा बेसिन भिंतीतून बोटभर पुढे आलं तेव्हा भाऊजी घाबरले आणि म्हणाले आता इथे काहीतरी भक्कम करायचंच.

जागा मोजली तेव्हा कळलं की भिंती गुनियात (काटकोनात) नाहीत. मागे रुंदी ९३० मिमी, पुढे ८९५, मागून पुढे खोली ४३०. उजवी भिंत काटकोनात आहे, डावी भिंत आत झुकत येते कारण तिच्यात जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा बॉक्स प्लास्टर करून लपवलाय. ग्रॅनाइटवाले दोन जण येऊन बघून गेले, एक म्हणाला एवढ्याशा कामासाठी परवडत नाही, दुसरा म्हणाला चौकोनी पीस टाकतो आणि फट व्हाइट सिमेंटने भरून देतो. टोकाला ३५ मिमीची फट आणि ती पण पाइपच्या बाजूला! पुठ्ठ्याचा टेम्प्लेट करून दिला असता तर ग्रॅनाइटही तिरकं कापून मिळालं असतं हे मला माहीत होतं, पण मला बरेच दिवस काँक्रीटचा काउंटर स्वतः ओतून बघायचा होता, आणि जागाच वाकडी असेल तर वाकड्या साच्यात ओतणं हे मला जास्त पटलं.

आईंचा पहिला प्रश्न होता, "मोरीसारखं नाही ना गं दिसणार ते?" प्रश्न अगदी रास्त होता. चाळीतली सिमेंटची मोरी ज्यांनी वर्षानुवर्षं घासलीय त्यांना सिमेंट म्हटलं की काळपट, खरखरीत, साबणाने बुळबुळीत झालेलं तेच डोळ्यासमोर येणार. मी त्यांना हॉलमधली मोझॅकची लादी दाखवली. ती पण सिमेंटच आहे, आत संगमरवराची चिप, दाबून बनवलेली, पाण्यात मुरवलेली आणि घासून गुळगुळीत केलेली. मुंबईत भारत टाइल्सवाले १९२२ पासून सिमेंटच्या लाद्या बनवतायत आणि दक्षिण मुंबईतल्या कितीतरी जुन्या घरांत त्या अजून झळकतात. आईंनी लादीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, असं होणार असेल तर कर.

जाडी ४० मिमी धरली तर हिशोब असा येतो: सरासरी रुंदी ९१२ मिमी, खोली ४३०, म्हणजे ०.०१५७ घनमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे स्लॅब ३८ किलोच्या आसपास. त्यात बेसिनचे दहा-बारा किलो आणि टेकणाऱ्या माणसाचा भार. हा आकडा मी सगळ्यात आधी काढला कारण भिंतीतला सपोर्ट त्यावर ठरतो, आणि ३८ किलोचा दगड बाथरूमच्या दारातून आत कसा न्यायचा हेही त्यावरच ठरतं.

मे महिन्यातला पहिला स्लॅब

साचा चांगला झाला होता. ओळखीच्या सुताराकडून पांढरा सनमायका लावलेल्या १९ मिमी प्लायचे तुकडे आणले, खाली एक बेस, कडेला ४० मिमीच्या पट्ट्या, स्क्रू बाहेरून मारले म्हणजे नंतर पट्ट्या न ठोकता निघतात. आतल्या कोपऱ्यांत सिलिकॉनची बारीक धार सोडून बोटाने ओढली, त्यामुळे माल गळत नाही आणि स्लॅबची धार आपोआप गोल येते. तेलाचा अगदी हलका हात, जास्त तेल झालं तर तेवढा डाग काँक्रीटवर उमटतो.

अंडरकाउंटर (काउंटरच्या खालून बसणारं) बेसिन लावायचं म्हणून मध्ये थर्माकोलचा चौकोनी ठोकळा चिकटवला, नळाच्या भोकासाठी पाइपचा तुकडा, मधल्या थरात कोंबडी जाळी. १० किलो सिमेंट, १६ किलो रेती, १८ किलो ग्रिट (बारीक खडी) आणि पाणी ३ लिटर ८००. माल कालवला तर तो शिऱ्यासारखा घट्ट. त्या दिवशी खालच्या मजल्यावर काम करणारे एक मिस्त्री मदतीला आले होते, ते म्हणाले, "ताई, पाणी टाका अजून, असा माल कोपऱ्यात बसणार नाय." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तसा कोरडा माल खरंच बसला नसता. मी पाणी टाकत गेले. शेवटी साडेपाच लिटर झालं. माल मस्त वाहिला, वरून सपाट झाला, सगळे खूश.

दोन दिवसांनी साचा काढला. बेसिनच्या चौकोनाच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा निघाल्या होत्या, एक तर थेट पुढच्या कडेपर्यंत गेलेली. आणि स्लॅब सुलटा केल्यावर दुसरी गोष्ट दिसली जी जास्त लागली, तिरकी बाजू उजवीकडे आली होती आणि नळाचं भोकही उलट्या बाजूला.

साच्यात स्लॅब पालथा ओतला जातो, जी बाजू खाली सनमायकाला टेकते तीच नंतर वरची, दिसणारी बाजू होते. म्हणजे साच्यातलं सगळं आरशातलं हवं, डावं ते उजवं. मी पुठ्ठ्याचा टेम्प्लेट भिंतीत नीट बसवून बघितला होता आणि तसाच, सुलटाच, साच्यावर ठेवून आखला. तो उलटा करून आखायला हवा होता. चौकोनी स्लॅब असता तर फक्त नळाचं भोक चुकलं असतं, इथे भिंतच वाकडी म्हणून स्लॅब आत बसणंच शक्य नव्हतं. आता पुठ्ठ्याच्या एका बाजूला मोठ्या अक्षरात "वर" आणि दुसऱ्या बाजूला "साचा" लिहिल्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही.

भेगांचं कारण शोधायला मात्र जास्त वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते इथेच आहे. सिमेंट वाळून घट्ट होतं असं आपण बोलतो पण ते वाळत नाही, पाण्याबरोबर त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते दगड बनतं. या क्रियेला सिमेंटच्या वजनाच्या साधारण ४० टक्के पाणी पुरतं. १० किलोला ४ लिटर. मी टाकलेलं उरलेलं दीड लिटर हळूहळू उडून जाणार, ते गेलं की मागे बारीक पोकळ्या राहणार आणि स्लॅब आक्रसणार. आता आक्रसताना ताण कुठे साठतो, तर आतल्या टोकदार कोपऱ्यांत. माझ्या चौकोनाचे कोपरे सुरीसारखे होते आणि पुढची पट्टी जेमतेम ६० मिमी रुंद. वर मे महिना, गॅलरीत वारा, आणि क्युरिंग (सिमेंट ओलं ठेवून मुरवणं) म्हणून मी फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते, मधल्या वेळात पृष्ठभाग कोरडा ठणठणीत. म्हणजे आत नको तेव्हा पाणी जास्त, बाहेर हवं तेव्हा कमी. दोन्हीकडून उलटं.

मिस्त्रींचा प्रश्न मात्र खरा होता, कमी पाण्यात माल वाहणार कसा? त्याचं उत्तर सुपरप्लास्टिसायझर. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्यांत जे टाकतात तेच, पॉलिकार्बोक्सिलेट प्रकारातलं, बांधकामाची केमिकल ठेवणाऱ्या दुकानात छोट्या कॅनमध्ये मिळतं. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात आणि त्या गोळ्यांत पाणी अडकून राहतं, हे केमिकल त्या कणांना एकमेकांपासून दूर ढकलतं, अडकलेलं पाणी सुटतं आणि तोच माल पातळ होतो.

पावसातला दुसरा स्लॅब

जूनच्या मध्यावर परत ओतला. डिझाइन बदललं, अंडरकाउंटर बेसिन रद्द, टेबलटॉप (काउंटरवर ठेवायचं) घेतलं, म्हणजे स्लॅबला फक्त दोन गोल भोकं, एक पाणी जायच्या वेस्ट कपलिंगसाठी आणि एक नळासाठी. गोलाला कोपरा नाही. भोकांसाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे टेप गुंडाळून लावले, म्हणजे नंतर अलगद निघतात. आईंना टेकायला डावीकडे सलग जागा पण मिळाली, हे आधीच सुचायला हवं होतं.

पण पावसात एक नवीनच अडचण. गोणीतली रेती ओली. किती ओली ते कळल्याशिवाय पाणी मोजण्याला काही अर्थच नाही, म्हणून अर्धा किलो रेती वजन करून जुन्या तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजली आणि परत वजन केली. ५०० ग्रॅमची ४७५ भरली. म्हणजे १६ किलो कोरडी रेती हवी तर ओली साधारण १६ किलो ८०० घ्यायची, आणि त्यात साधारण ८०० मिलि पाणी आधीच आलेलं आहे, ते ३ लिटर ८०० मधून वजा करायचं. बरोबर ३ लिटर मोजून बाजूला ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं की या बाटलीशिवाय एक थेंबही यात पडणार नाही. तव्याची ही पाच मिनिटं केली नसती तर दुसरा स्लॅबही पहिल्याच्या वाटेवर गेला असता. रेतीसुद्धा यावेळी क्रश सँड (दगड फोडून केलेली) घेतली, खाडीच्या रेतीत मीठ असतं आणि मीठ आतल्या लोखंडी जाळीला गंज लावतं, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो, जुन्या बिल्डिंगींचे स्लॅब असेच पडतात हे लालबागमध्ये कुणाला वेगळं सांगायला नको.

जाळी तर मी काढूनच टाकली, तिच्याऐवजी एआर ग्लास फायबर, म्हणजे अल्कली (क्षार) सोसणारे काचेचे तंतू. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत हळूहळू खराब होते, एआरमध्ये झिर्कोनिया असतो म्हणून ती टिकते. हे फायबर बारीक भेगा रोखायला आहे, भार घ्यायला नाही, भारासाठी मी खाली लोखंडी अँगल देणारच होते.

आधी कोरडा माल कालवला, मग पाणी, आणि शेवटी केमिकल थोडं थोडं करून, एकूण ७० मिलि. आधी वाटतं काहीच होत नाहीये, घमेल्यात नुसता ओलसर भुगा, आणि मग एका क्षणी सगळं सैल होतं आणि इडलीच्या पिठासारखं वाहायला लागतं. मिस्त्री बघत होते, ते म्हणाले हे आधी सांगितलं असतं तर मी पाणी टाका बोललोच नसतो. आणि हातमोजे! ओलं सिमेंट चांगलंच अल्कलाइन असतं, कातडी जळते, पहिल्या वेळी माझ्या मनगटावर पट्टा उठला होता तो बरा व्हायला आठवडा लागला.

साचा भरल्यावर खालून रबरी हातोडीने ठोकत राहिलो आणि भाऊजींच्या मित्राकडचा सँडर (घासायचं मशीन), पॉलिश पेपर न लावता, प्लायच्या कडेला टेकवून चालवला. थरथरीने आतली हवा बुडबुडे होऊन वर येते. वीस मिनिटं तरी केलं असेल.

मग क्युरिंग. दुकानातलं सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेलं, त्याची ताकद सावकाश येते. आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या ओपीसी सिमेंटला कमीत कमी ७ दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला १० दिवस क्युरिंग सांगितलंय. मी १४ दिवस ठेवलं. ओलं गोणपाट, वरून प्लास्टिक, चारी बाजूंनी दाबलेलं, गोणपाट कधीच सुकू दिलं नाही. साचा चौथ्या दिवशी काढला, चार जणांनी मिळून, स्लॅब आधी कडेवर उभा केला आणि उभाच हलवला. काच जशी नेतात तसा. आडवा धरून उचलला की स्वतःच्याच वजनाने मधून तडकू शकतो, आणि चार दिवसांचा स्लॅब तर फारच कच्चा.

एकही भेग नव्हती. मी खरंच बॅटरी मारून मारून बघितली.

बारीक भोकं होती, बुडबुड्यांची. त्यात सिमेंटची पेस्ट बोटाने चोळून भरली, दोन दिवस ओलं ठेवलं, मग घासायला घेतलं. डायमंड पॅड नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातून आणले होते, २००, ४००, ८००, १५०० नंबर. हाताने आणि पाण्याखाली घासले, दोन दिवस मिळून पाचेक तास गेले. घरातल्या साध्या ग्राइंडरवर पाणी ओतून काम करणं म्हणजे शॉकला आमंत्रण, आणि कोरडं घासलं तर जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत आई बसलेल्या असताना ती धूळ उडवणं मला मान्यच नव्हतं.

सीलर, आणि फसलेल्या स्लॅबचा उपयोग

पहिला स्लॅब फेकला नव्हता, गॅलरीत पडून होता. सीलर, म्हणजे डाग आणि पाणी अडवायचा लेप, कुठला टिकतो ते बघायला त्यावर खडूने चौकोन आखले आणि एका पट्टीवर काहीच नाही, एकीवर आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेनवाला सीलर, एकीवर ॲक्रेलिक, एकीवर दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) असं लावलं. मग ताईच्या बाथरूममध्ये खरोखर जे जे सांडतं ते सगळं टाकलं: खोबरेल तेल, उटणं, भिजवलेली मेंदी, केसांचा डाय, टूथपेस्ट आणि संडास साफ करायचं लिक्विड. रात्रभर ठेवलं, फक्त ते लिक्विड दोन मिनिटांत पुसलं.

उघड्या सिमेंटवर सगळ्याचेच डाग. मुरणाऱ्या सीलरवर पाणी मोत्यासारखं थांबतं, तेल बऱ्यापैकी अडलं, पण उटण्यातल्या हळदीची छटा राहिली आणि संडासाच्या लिक्विडने सरळ फेस येऊन पृष्ठभाग खाल्ला. साहजिक आहे, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ॲसिड सिमेंट विरघळवतं, आणि मुरणारा सीलर वर थर करत नाही, तो आतली छिद्रं फक्त पाणी न शोषणारी करतो. ॲक्रेलिक पावसाळी हवेत दुधासारखं पांढुरकं झालं. पीयूवर डायची पुसट छटा सोडता काही राहिलं नाही, ॲसिडही थोड्या वेळापुरतं अडलं. मॅट पीयू ठरलं.

पण पीयू ओल्या काँक्रीटवर लावलं की सुटतं, फोड येतात, आणि बाहेर जुलै! चौदा दिवस ज्या स्लॅबला ओलं ठेवण्यासाठी धडपडलो तोच आता कोरडा करायचा होता. आतल्या खोलीत विटांवर उभा ठेवला, दोन्ही बाजूंना हवा लागेल असा, टेबल फॅन दिवसरात्र. दर चार दिवसांनी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून घाम आला असेल किंवा खालचं सिमेंट गडद दिसलं तर अजून ओल आहे. ताई वैतागली होती, महिना झाला बाथरूममध्ये बेसिन नाही, सगळे स्वयंपाकघरात तोंड धुतायत. मला पण वाईट वाटत होतं पण घाई केली असती तर सहा महिन्यांनी सगळं खरवडून परत करावं लागलं असतं. चोविसाव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं.

तीन पातळ कोट, खिडक्या उघड्या, मास्क लावून, आईंना त्या दोन दिवसांसाठी आमच्याकडे भांडुपला आणलं कारण त्याचा वास आणि वाफ दोन्ही वाईट. खालची बाजू, कडा आणि दोन्ही भोकांच्या आतल्या भिंतीसुद्धा सील केल्या. नळाच्या बुडाशी पाणी कायम साचतं आणि तिथूनच ते स्लॅबच्या आत शिरतं, वरचा भाग कितीही चकाचक असला तरी.

बसवणं

भिंत जुन्या विटांची, चुन्याचं प्लास्टर, तिथे अँकर फास्टनरवर (भोकात ठोकून आवळायच्या बोल्टवर) भरवसा नाही, वीटच फुटते. म्हणून मिस्त्रींनी भिंतीत सहा इंच खोल खाचा मारल्या, ४० बाय ४० बाय ५ मिमीचे दोन लोखंडी अँगल, खाली तिरका टेकू वेल्ड केलेला, आत घालून काँक्रीटने भरले आणि आठ दिवस हातही लावला नाही. अँगलला आधी रेड ऑक्साइड आणि वर दोन हात ऑइल पेंट. मग स्लॅब ठेवायच्या आधी भाऊजी, वजन ८२ किलो, दोन्ही अँगलवर फळी टाकून बसून बघितले. स्लॅबखाली सिलिकॉनच्या गोळ्या, पुढे २ मिमी उतार, भिंतीच्या सांध्यात बुरशी न धरणारं सिलिकॉन, मग बेसिन, बॉटल ट्रॅप, अँगल कॉक. तिरकी भिंत आणि तिरका स्लॅब यांच्यामध्ये फट राहिली ३ मिमीची.

खर्च, फसलेला स्लॅब, पॅड, सीलरचे नमुने सगळं धरून पण बेसिन आणि नळ सोडून, साडेआठ हजार. त्या दुसऱ्या ग्रॅनाइटवाल्याने याच्यापेक्षा कमी सांगितले होते आणि एका दिवसात बसवून गेला असता. ज्यांना पैसे वाचवायचेत त्यांनी हे करू नये असंच मी सांगेन. जागा वाकडी असेल, भार जास्त असेल आणि दोन महिने थांबायची तयारी असेल तर करावं.

आता चौदा महिने झाले. भेग नाही. नळामागे एक पांढुरका डाग आलाय, बोटाच्या पेराएवढा, तिथे पीयूचा थर पातळ राहिला असावा आणि आतला चुना पाण्याबरोबर वर येतोय, दिवाळीआधी तेवढा भाग घासून परत कोट मारणार आहे. संडासाचं लिक्विड काउंटरवर ठेवायचं नाही असं ताईने कागदावर लिहून आरशाला चिकटवलंय. पहिला स्लॅब भेगेवरून कापून दोन तुकडे केले, मोठा तुकडा गॅलरीत पाण्याच्या पिंपाखाली आहे, हळदीचा चौकोन अजून दिसतो. आई सकाळी डावा हात काउंटरवर टेकून ब्रश करतात, आणि पीयूवर सगळ्यात आधी घासल्याची खूण आली ती तिथेच, त्यांच्या बांगड्यांची.